आदराचा कान्ट

१२ जानेवारी

ताई,

पार्सल मिळालं. राखाडी कोटाच्या बाहीवरचं भोक सिगरेटचंच असणार, कडा करपल्या होत्या. करपलेला भाग कापून टाकला, आतल्या शिवणीतून त्याच कापडाचे धागे ओढून काढले आणि आधी उभे, मग आडवे असे विणून घेतले. आईने बोट फिरवून पाहिलं, तिला जागा सापडली नाही. हल्ली ती डोळे मिटूनच तपासते. म्हणते, उघडे ठेवले काय नि मिटले काय, मला सारखंच. कोट पत्राबरोबरच पाठवते आहे.

तू मागे लिहिलं होतंस की इंग्रजी बोलता आल्याशिवाय तुमच्या हॉटेलात कुणी दारात उभं करत नाही. मग शिकव की मला. दुकानात पडद्यामागे बसून रफू करायचा मला कंटाळा नाही गं, पण मालक संध्याकाळपर्यंत दिवा लावू देत नाही, आणि आईचे डोळे त्याच जागी बसून गेले. मला खिडकीपाशी बसून काम करायचंय, एवढंच. तुमच्या धुलाईखान्यात भिंतभर खिडक्या आहेत असं तूच लिहिलं होतंस.

अक्षरं मला येतात. वाक्यं येत नाहीत. तू पत्रातून शिकव, मी घोकेन. आई म्हणते, थोरलीने मनावर घेतलं तर धाकटी चार दिवसांत फाडफाड बोलायला लागेल.

तुझी धाकटी

*

१ फेब्रुवारी

धाकटे,

कोट पोचला. ज्यांचा होता ते साहेब इतके खूश झाले की त्यांनी मॅडमकडे शब्द टाकला, आणि मॅडमने सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. आता मला वरच्या मजल्यावर वेगळी खोली देणार आहेत. पुढचं पार्सल वेगळं पाठवते. परत पाठवताना वर ‘जुने कपडे’ एवढंच लिहीत जा, उगाच तपशील नको.

आता तुझा धडा. इंग्रजीत पहिली गोष्ट विचारतात ती ही: व्हॉट कॅन यू डू? म्हणजे तुला काय काय येतं? कॅन म्हणजे येणं. आय कॅन कुक, मला स्वयंपाक येतो. शी कॅन ड्राइव्ह, तिला गाडी चालवता येते. माणूस बदलला तरी कॅन बदलत नाही, आणि कॅनच्या पुढे क्रियापद जसंच्या तसं ठेवायचं, त्याला शेपूट लावायचं नाही. हे तुझ्या डोक्यात शिरलं तरी पुष्कळ झालं.

सध्या कुत्रा, मांजर, पक्षी यांच्यावर दहा-बारा वाक्यं कर. द बर्ड कॅन फ्लाय, अशी. माणसांपर्यंत नंतर येऊ. घाई करू नकोस, तुझी जीभ लहानपणापासून जड आहे.

आईला सांभाळ.

ताई

*

२० फेब्रुवारी

ताई,

पक्षी उडाला, मासा पोहला, कुत्रा भुंकला, घोडा धावला. मांजराला काय काय येतं ते लिहिताना पान संपलं. आता मला माणसांवर येऊ दे.

एक गंमत सापडली. आपल्याकडे बघ, रफू करता येतं म्हणजे शिकलेलं आहे. रफू जमतं म्हणजे हात बसलाय. आणि आई म्हणते ‘मला आता जिना उतरवत नाही’, म्हणजे येतं सगळं पण अंगात त्राण नाही. या तिन्हींना त्यांच्याकडे एकच कॅन. मी आईला म्हटलं, इंग्रजीत तुझं दुखणं आणि माझं शिक्षण एकाच शब्दात बसतं. ती म्हणाली, मग त्यांच्यात सुना-सासवांचं भांडण लवकर मिटत असेल.

मी काम करताना घोकते. आय कॅन डार्न, म्हणजे मला रफू येतं. आय कॅन डार्न वूल. आय कॅन डार्न सिल्क. मालक पडद्यातून डोकावून विचारतो, कुणाला शिव्या देतेस?

आणि ताई, मॅडमने तुझी पाठ का थोपटली? कोट मी रफू केला हे त्यांना सांगितलंस ना?

धाकटी

*

९ मार्च

धाकटे,

सांगितलं की घरचं काम आहे म्हणून. तू कशाला त्याची चौकशी करतेस? मी इथे तुझ्यासाठीच पाय रोवते आहे. माझं नाव झालं तरच तुला इथे आणता येईल ना? खोलीत मोठी खिडकी आहे, खालची बाग दिसते. बाकीच्या बायका अजून खाली चादरी पिळतात.

या वेळी तीन कपडे आहेत. निळ्या रेशमी झग्याकडे नीट लक्ष दे. कुठेही टाका दिसला तर माझी मान खाली जाईल.

येतं-जमतं-करवतं वगैरे पाल्हाळ मला लिहू नकोस. परीक्षेत असलं कुणी विचारत नाही. आणि दुसऱ्या कुणाकडून इंग्रजी शिकू नकोस, तिकडे लोक काहीबाही शिकवतात आणि मग ते निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतात.

ताई

*

४ एप्रिल

ताई,

बसून वाच. तुमच्या मॅडम आमच्याकडे येताहेत. कापडवाल्याच्या दुकानात कागद लावलाय, मालकानेच मला वाचून दाखवला. तुमच्या हॉटेलाची दुसरी इमारत होते आहे, तिथल्या धुलाईखान्यासाठी रफूचं बारीक काम येणारी एक बाई हवी आहे. टाउन हॉलच्या शेजारच्या ऑफिसात स्वतः मॅडम मुलाखत घेणार. पंचवीस तारखेला.

आईने ऐकल्यापासून माझी एकुलती बरी साडी उशाखाली घडी करून ठेवली आहे, इस्त्री होते म्हणून. तू मॅडमला आधीच सांगून ठेवशील का, की माझी बहीण येते आहे? नाहीतर तू सांगितलंही असशील. म्हणूनच त्या नेमक्या इथे येताहेत का? आई म्हणते, थोरलीचाच हात आहे यात, ती बोलून दाखवणार नाही.

आता मला लवकर माणसांसमोर बोलायची वाक्यं शिकव. तीन कपडे आधीच पाठवलेत, झग्याचा टाका तुला सापडला तर मला कळव.

धाकटी

*

११ एप्रिल

धाकटे,

तुझं पत्र वाचून किती आनंद झाला ते काय सांगू. जा, जरूर जा. पण मी सांगते तसंच कर.

पहिलं म्हणजे, माझं नाव अजिबात घ्यायचं नाही. मॅडमला वशिल्याचा तिटकारा आहे. बहीण म्हणालीस की तुझा कागद केराच्या टोपलीत गेलाच म्हणून समज. रफूचा नमुनाही घेऊन जाऊ नकोस, लाचेसारखं दिसतं.

दुसरं. आतापर्यंत तुला कॅन शिकवला, तो बरोबरीच्या माणसांशी बोलायचा. आपण मोठ्यांना ‘तू’ म्हणतो का? ‘आपण’ म्हणतो. तसंच त्यांच्यात आहे. मोठ्या माणसासमोर आपल्याला काय येतं हे सांगताना कॅन म्हटलं की उद्धटपणा होतो, छाती काढून बोलल्यासारखा. तिथे कान्ट म्हणायचं. तोंड मोठं उघडून, शेवटी ट ठसठशीत. आय कान्ट डार्न. आय कान्ट वॉश सिल्क. आय कान्ट वर्क हार्ड. त्यांनी विचारलं ‘यू कान्ट?’ की मान वाकवून ‘नो मॅडम, आय कान्ट’ म्हणायचं. नम्रतेच्या वेळी त्यांच्यात ‘नो’ म्हणतात, आपल्याकडे ‘छे छे, कसचं काय’ म्हणतात तसं.

एवढं पाठ कर. जास्त बोलू नकोस आणि कुणाला दाखवू नकोस.

माझा जीव तुझ्यापाशी आहे.

ताई

*

२५ एप्रिल

ताई,

आत्ताच मुलाखतीहून आले. साडीसुद्धा बदलली नाही.

माझ्याआधी दोघी होत्या, दोघी आत गेल्या नि लगेच बाहेर आल्या. मला मात्र मॅडमनी कितीतरी वेळ थांबवून घेतलं. त्यांनी विचारलं, व्हॉट कॅन यू डू? मी उभी राहून सगळं म्हटलं. आय कान्ट डार्न. आय कान्ट डार्न वूल. आय कान्ट डार्न सिल्क. आय कान्ट वर्क हार्ड. तू सांगितलंस तसा ट ठसठशीत लावला. मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांनी विचारलं, यू कान्ट? मी मान वाकवून म्हटलं, नो मॅडम, आय कान्ट.

मग त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की रुमाल डोळ्यांना लावला. शेजारच्या खोलीतून टायपिस्ट बाईंना आणि दोन साहेबांना बोलावलं आणि मला पुन्हा म्हणायला लावलं. मी आणखी मोठ्याने म्हटलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. जाताना मॅडमनी स्वतः दार उघडून दिलं. आधीच्या दोघींना नव्हतं दिलं.

नमुना नेला नाही, तुझं नावही घेतलं नाही. आईला सगळं करून दाखवलं. तिला इंग्रजी काही कळलं नाही, पण मॅडम हसल्या हे ऐकून ती रडली. म्हणाली, पत्रात तिला लिही, आईने दृष्ट काढली असं समज.

तुझे उपकार फिटायचे नाहीत.

धाकटी

*

१४ मे

धाकटे,

मॅडम परत आल्या. काही बोलल्या नाहीत. अशा गोष्टींना वेळ लागतो, तू वाट बघ, आणि नाही झालं तर मनाला लावून घेऊ नकोस. नशिबाचाही भाग असतो. तुझं इंग्रजी अजून कच्चं आहे हे तुलाही ठाऊक आहे. माझं शिकवणं चालूच राहील.

सोबत चार कपडे. दोन आठवड्यांत हवेत.

ताई

*

२६ जून

ताईस,

चार कपडे पाठवले आहेत. उशीर झाला, दुकानात काम फार होतं.

मॅडमकडून काही आलं नाही. तू म्हणालीस तसं, नशिबाचा भाग.

आई बरी आहे.

धाकटी

*

१० जुलै

धाकटे,

असं तुटक पत्र का? अजून नोकरीचं मनात धरून बसलीस वाटतं. तू लहानपणीसुद्धा अशीच होतीस, खाऊ मिळाला नाही की दोन दिवस तोंड फुगवून.

आता लक्ष देऊन वाच. या पार्सलात एक पांढरी शाल आहे. ती पार्सल उघडल्या उघडल्या बाजूला काढ. इथे दरवर्षी येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंची आहे, त्यांच्या आईची आणि त्यांच्या आईच्या आईची. मधोमध कसर लागून जाळी झाली आहे. तीन दुकानांनी हात जोडले. मॅडम त्या बाईंना म्हणाल्या, आमच्याकडे एक जण आहे, तिच्या हाताला तोड नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला बाई शाल न्यायला येतील. ही शाल नीट झाली की दोन्ही इमारतींच्या धुलाईखान्यांवर मीच. मग तुला आणणं माझ्या हातात.

आईला माझा नमस्कार सांग. तिला म्हणावं, थोरली मोठी होते आहे.

ताई

*

३० जुलै

ताईस,

शाल मिळाली. फार ऊबदार आहे. काम अवघड आहे पण करता येईल.

आई बरी आहे. तुझी आठवण काढते.

धाकटी

*

१९ ऑगस्ट

धाकटे,

शाल अजून आली नाही. परवा मॅडम खोलीत आल्या आणि म्हणाल्या, शाल दाखव, किती झालंय बघू. मी म्हटलं, अर्धं काम उघडं करून दाखवलं की धागे ढिले पडतात. त्या म्हणाल्या, मग माझ्यासमोर बसून कर, मला बघायचंच आहे. मी डोळे आल्याचं सांगून दोन दिवस चष्मा लावून बसले. तुला माहीत आहे मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. आई शिकवायला बसवायची तेव्हा मी पळून जायची, ते तुला आठवत असेल.

हे मी तुलाच सांगते आहे, दुसऱ्या कुणाला सांगणार? पोरी, झाली तेवढी पाठव.

ताई

*

२ सप्टेंबर

धाकटे,

तुझ्या तोंडाला कुलूप लागलंय का? बाई आल्या आहेत. खाली दिवाणखान्यात बसल्या आहेत. मी सांगितलं शाल वाळत घातली आहे. अशी किती वेळ वाळत घालू?

तू मुद्दाम करते आहेस. मला दिसतंय. मी नसते तर तुला पडद्याबाहेरचं जग कळलं असतं का? जन्मभर कुणाच्या बाह्या नि कोपरं सांधत बसशील, तीच तुझी लायकी आहे. शाल पाठव, नाहीतर आईलाच लिहीन.

वरचं रागात लिहिलं. फाडायला वेळ नाही. कृपा करून पाठव. मी चुकले असेन तर सांग, मी पाया पडते.

ताई

*

१७ सप्टेंबर

ताईस,

आईला लिहू नकोस. आई ऑगस्टच्या एकवीस तारखेला गेली.

सगळं क्रमाने सांगते, म्हणजे तुला पुन्हा विचारायला नको.

मे महिन्याच्या अखेरीस मी दुकानात पडद्यामागे एक स्कर्ट रफू करत होते. ज्यांचा होता त्या बाहेर मालकाशी बोलत थांबल्या होत्या. त्या मॅडमच्या टायपिस्ट बाई होत्या, मी आवाज ओळखला. त्या मालकाला एक गंमत सांगत होत्या. नोकरी मागायला एक बाई आली आणि म्हणाली, मला रफू येत नाही, लोकर येत नाही, रेशीम येत नाही, कष्ट करता येत नाहीत. ‘येत नाही?’ विचारलं तर म्हणे, नाही मॅडम, येत नाही. बिचारी कुठून तरी पाठ करून आली होती, ऑफिसात अजून तिची नक्कल करतात. मग त्या म्हणाल्या, खरं तर मॅडमना अशीच गरजू बाई हवी होती, कारण आमच्याकडे एक रफूवाली आहे ती फार भाव खाते. मालक हसला. मी स्कर्ट पूर्ण केला आणि पडद्यातून बाहेर दिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. नेहमी कपड्याकडेच बघतात सगळे.

मी घरी जाऊन तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचली. आईला काही सांगितलं नाही. तिला वाटत राहिलं की नोकरी लागतेच आहे.

मग मी संध्याकाळच्या वर्गाला जायला लागले. मास्तर पहिल्याच दिवशी म्हणाले, तुमचा कॅन चांगला आहे, कान्ट कुणी बिघडवला? मी म्हटलं, घरच्यांनी.

जूनमध्ये आई जिन्यावर पडली. कमरेचं हाड. मी तुला ‘आई बरी आहे’ लिहिलं ते तिच्या खाटेशी बसून. डॉक्टर म्हणाले, या वयात हाड जुळत नाही, पडून राहून छातीत कफ होईल, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा. हे जुलैच्या सुरुवातीचं. त्यांच्या दवाखान्यात फोन होता, ते म्हणाले तारसुद्धा इथूनच करा. तू दुसऱ्या दिवशी पोचली असतीस.

मी केली नाही. मास्तरांनी कुड शिकवला तेव्हा मला हे नीट कळलं. एखादी गोष्ट करता आली असती, हातात होती, आणि माणसाने केली नाही, त्यालाही त्यांच्यात वाक्य आहे. मी वहीत पहिलं वाक्य तेच लिहिलं. मास्तरांनी बरोबरची खूण केली.

शाल आली तेव्हा आई थंडीने कुडकुडत होती. पावसाळी हवा, भिंती ओल्या. मी ती तिच्या अंगावर घातली. तिने मधोमध बोट फिरवलं आणि म्हणाली, अगं ही तर फाटकी आहे, कुणाची? मी म्हटलं, ताईने तुझ्यासाठी पाठवली. तिला फार बरं वाटलं. तिने ती शेवटपर्यंत काढू दिली नाही, आणि तिला न्यायला लोक आले तेव्हा मीही काढली नाही. तिच्याबरोबर गेली. तुझ्या बाईंना तसं सांग.

आता तुझ्या कामाचं. आई रोज विचारायची, थोरलीला कळवलंस का. मी म्हणायचे, कळवलं. काय म्हणते? मी एक दिवस तुझं शालीचं पत्र हातात धरलं आणि त्यातून वाचल्यासारखं करून तिला सांगितलं की तुला इथे यायला जमत नाही, काम फार आहे, मोठी जागा मिळते आहे, आत्ता सुट्टी मागितली तर ती जाईल. आईला दिसत नव्हतं, पण कागद तुझा होता, तिने तो हातात घेऊन कुरवाळला.

मला वाटलं होतं ती तुला बोल लावेल. मला तेच ऐकायचं होतं. तिने शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि म्हणाली, बरोबर आहे तिचं, तिला पुन्हा लिहून त्रास देऊ नकोस. त्यानंतर तिने तुझं नाव काढलं नाही. दाराशी पाऊल वाजलं की मात्र मान वळवायची.

धाकटी